दहा फुटांच्या खोलीतलं विमान

वैजनाथ मिस्तरीने पंख बांधला अकरा फुटांचा आणि खोली होती दहा फुटांची. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पंख पुरा झाला होता.

एवढ्या मोठ्या विमानाचा पंख दोन तुकड्यांत करतात. मध्ये नळी घालून जोडतात, उडवून झालं की सुटा करून ठेवतात. ही गोष्ट त्याला नंतर एका व्हिडिओत कळली. त्याने तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मोबाईल उपडा ठेवला आणि खिडकीचे दोन गज कापले. पंखाचं उजवं टोक फूटभर बाहेर बोळात गेलं. दोन वर्षं ते तिथेच राहिलं.

खांबेवाडी जामखेडपासून लांब नाही, पण जवळ आहे असंही कोणी म्हणत नाही. तिथे वैजनाथ पाण्याच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार त्याच्याकडे आणून टाकायची. तो आतली काळी तार उपसतो, नवी गुंडाळतो, आणि मोटार परत विहिरीवर जाते. वय चोपन्न. विमानात कधी बसलेला नाही. पुण्याला दोनदा गेला, दोन्ही वेळा एसटीने. विमान कशाला, असं लोक विचारत. पहिल्या वर्षी तो म्हणायचा, फवारणीला. दुसऱ्या वर्षी म्हणायचा, बघू. पुढे पुढे तो विचारणाऱ्याकडेच असा बघायचा, की त्या माणसाला आपलंच काही चुकलंय असं वाटून तो निघून जायचा.

विमान पिवळं होतं, आत कोणी न बसता जमिनीवरून रेडिओने उडवायचं. अंगाला थर्माकोल आणि हलकं लाकूड. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. शेपटी आणि पंखांच्या झडपा हलवायला आगपेटीएवढ्या सात मोटारी. त्या मात्र विकतच्या होत्या. त्या जळाल्या तर भरता येत नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटायचं. उडवायला तो एका छोट्या थर्माकोलच्या विमानावर शिकला. ते इतक्या वेळा मोडलं, की शेवटी त्यात थर्माकोलापेक्षा गोंदच जास्त होता.

बोळाच्या पलीकडे चांगुणाकाकू राहतात. सत्तरी उलटलेली, तोंडात एक दात नाही. कमरेच्या पिशवीत लोखंडी खलबत्ता असतो, मूठभर उंचीचा पण वजनदार. विडा त्यात कुटायचा आणि मग तोंडात टाकायचा, दिवसातून सात-आठ वेळा. खिडकीतून एक पिवळी फळी बाहेर आलेली त्यांनी पाहिली आणि त्या एका सरळ निष्कर्षावर आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या टोकावर धुणं वाळू लागलं. आधी टॉवेल, मग लुगडं, मग गोधडी.

वैजनाथची बायको राहीबाई हिला ते खपलं नाही. गोधडीचं पाणी खिडकीतून आत गळायचं. दोघींचं एकदाच भांडण झालं, पण ते इतकं पुरेसं झालं की पुढे दोन वर्षं बोलणं बंद. वैजनाथ मध्ये पडला नाही. पंख पाणी सोसतो का ते कळतंय, एवढंच त्याने मनाशी धरलं.

यंदा चैत्रात खोली लागणार होती. थोरली लेक सुकन्या पहिल्या बाळंतपणाला येणार होती, मंगळवारी. राहीबाईने खोली झाडायला घेतली आणि पंखापाशी येऊन थांबली.

"ओसरीत टीव्हीच्या वर आढ्याला जागा हाय," ती म्हणाली. "हे इमान आसंल तर तिथं टांगा. नसंल तर परसात टाका. कोंबड्या बसतील पंखाखाली."

वैजनाथने विचारलं, विमान आहे की नाही हे ठरवायचं कसं?

"तीनदा उडायचं. तीनदा फिरायचं. आन् तीनदा सगळंच्या सगळं खाली यायचं. एकदा काय, कागूद बी उडतो."

अट त्याला रास्त वाटली. म्हणूनच त्याची भूक गेली.

रविवारी सकाळी गोधडी उतरवून, पंख खाटेसारखा ओढत खिडकीतून बाहेर काढला आणि बाकीच्या विमानाशेजारी टेम्पोत आडवा टाकला. गावाबाहेरचा पाझर तलाव कोरडा पडला होता. तळ घट्ट आणि सपाट, अशी धावपट्टी तालुक्यात दुसरी नव्हती. बंधाऱ्यावर म्हसोबा, त्याच्याजवळ एक बाभूळ. चाळीसेक माणसं जमली. राहीबाई भाकरीचं गाठोडं घेऊन बाभळीखाली बसली, विमानाकडे पाठ करून. पाठ करून बसलेल्या माणसाला जे जे दिसतं, ते सगळं तिला दिसत होतं.

सहादेवभाऊ न बोलावता आले. तीस वर्षं त्यांनी उसाचा ट्रक चालवला होता, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा हक्क पोचत होता. येताना हार, लिंबू आणि नारळ घेऊन आले. नवी गाडी पूजेशिवाय हलवायची नाही, एवढं त्यांनी सांगितलं आणि हार इंजिनाच्या पुढच्या फिरत्या पंख्याच्या पात्याला घालायला निघाले. वैजनाथने तो हात धरला. लिंबू चाकाखाली ठेवू दिलं. नारळ मात्र फोडायला नको म्हणाला, पाणी तारांवर उडेल. मग ठेवायचा कुठे? विमानाच्या नाकात, इंजिनामागे झाकणाखाली एक पोकळी होती. तिथे बॅटरी बसूनही बरीच जागा उरायची. त्याने नारळ तात्पुरता तिथे ठेवला.

मग तोल बघायचा होता. पंखाखाली दोन खुणा होत्या. दोन्ही खुणांना एकेक बोट लावून विमान उचलायचं. ते ना पुढे कलंडलं पाहिजे, ना मागे. शेपूट जड राहिली तर विमान हवेत ऐकत नाही. घरी ती जड भरली होती, म्हणून नाकात घालायला त्याने जळक्या तांब्याच्या तारेची गुंडाळी बांधून ठेवली होती. ती गुंडाळी त्या वेळी घरच्या ओट्यावर होती. हे त्याला आत्ता आठवलं.

सहादेवभाऊ एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. उचललं. विमान तागडीसारखं सरळ राहिलं.

वैजनाथने झाकण उघडून नारळाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली आणि नारळ आत करकचून बांधला. देवाला नारळ दिसेल आणि विमानाला वजन, असं तो सहादेवभाऊंना म्हणाला. भाऊंना हे फारच पटलं. त्यांनी झाकणाचे चारही स्क्रू स्वतः आवळले.

पहिल्या फेरीला विमान धावलं, धूळ उडवली आणि बघता बघता वर गेलं. चाळीस तोंडं उघडी राहिली. वैजनाथचं मिटलेलं होतं. विमान डावीकडे वळत होतं. त्याने वळवलं नव्हतं.

त्याच्या हातातल्या रेडिओवर दोन काठ्या होत्या आणि काठ्यांच्या कडेला छोटी बटणं. काठीने विमान चालवायचं. बटणाने त्याची खोड मोडायची. एकेक टिचकी द्यायची, झडप केसभर सरकते, मग बघायचं. पहिल्या उड्डाणात खरं काम हेच असतं. त्याने उजवीकडे टिचकी दिली. दुसरी दिली. अकराव्या टिचकीला विमान सरळ झालं. नाक जरा वर करत होतं, तिथे दोन दिल्या. मग दोन वेढे घेऊन त्याने ते खाली आणलं. तीन उड्या मारून विमान उभं राहिलं.

तो टाळ्यांसाठी थांबला नाही. गुडघ्यावर बसून त्याने एक डोळा मिटला आणि पंखाच्या कडेवरून नजर फिरवली. उजव्या टोकाची मागची कड खाली मुडपली होती. बरोबर फूटभर. त्या मुडपलेल्या कडेवर उजवा पंख जास्त उचलला जात होता आणि विमान डावीकडे कलत होतं.

"काकू," तो म्हणाला, "तुमची गोदडी ओली किती जड आसती?"

चांगुणाकाकूंनी विचार केला. "दोन लुगड्यांची हाय. आन् आत एक जुनं पोतं हाय."

"अकरा टिचक्या," वैजनाथ स्वतःशी म्हणाला.

सहादेवभाऊंनी हे सगळं ताबडतोब ओळखलं. अलाइनमेंट. त्यांचा ट्रकही तीस वर्षं डावीकडे ओढायचा. दुरुस्त नाही का केला, असं कोणीतरी विचारलं. "मालक म्हनला, तुला सवय हाय, दुसऱ्याला चोरून बी नेता याचा न्हाई," भाऊंनी सांगितलं.

दुसऱ्या फेरीत वैजनाथला एकच गोष्ट बघायची होती. खोड मोडलेलं विमान काठी सोडली तरी सरळ जातं. त्याने ते उंचीवर नेलं, सरळ केलं, रेडिओ गळ्यातल्या पट्ट्यावर सोडला आणि दोन्ही हात बाजूला घेतले. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. गेली दोन वर्षं ते मोकळे नव्हते. त्याने ते जोडले.

विमान पिवळ्या रेघेसारखं बंधाऱ्यावरून गेलं. कोणी धरलेलं नाही, कोणी वळवत नाही. मागे चाळीस माणसांनी मिस्तरीला हात जोडलेलं पाहिलं आणि त्यांनीही जोडले. दोन बायांनी पदर डोक्यावर घेतला. वैजनाथने वळून पाहिलं तेव्हा सगळं गाव विमानाच्या पाया पडत होतं. तो घाबरला आणि त्याने पुन्हा काठ्या धरल्या.

ही फेरीही सुखरूप उतरली. दोन झाल्या. राहिली एक.

वैजनाथ टेम्पोपाशी पेट्रोलमध्ये तेल मिसळायला गेला. ते माप चुकलं तर इंजिन बसतं, म्हणून तो पाठमोरा, डबा डोळ्यांसमोर धरून उभा होता. तेवढ्यात बाभळीखालून राहीबाई उठली.

दुसरी फेरी वर असताना ती म्हसोबाला बोलली होती. दोनदा उडालं, तिसऱ्यांदाही नीट येऊ दे, आत्ताच नारळ फोडते. अट तिनेच घातली होती आणि नवसही तिनेच केला. यात तिला काही विचित्र वाटलं नाही. अडचण एवढीच होती की जवळ नारळ नव्हता, आणि गावातलं दुकान दोन कोसांवर. तिने सहादेवभाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, नारळ आहे की, विमानातच आहे. पूजेचा नारळ न फोडता गाडीत ठेवला तर पूजा अर्धवट राहते, हे त्यांना सकाळपासून टोचतच होतं. पण मिस्तरी त्याला वजन म्हणत होते, त्याचं काय? भाऊंनी डोकं चालवलं. अलाइनमेंट झाली की वजन कशाला लागतं?

त्यांनी चार स्क्रू काढले. नारळ काढला. चारही स्क्रू पुन्हा आवळले, कारण ते व्यवस्थित माणूस होते.

राहीबाईने म्हसोबापुढे एका घावात नारळ फोडला. शेंडी देवापाशी ठेवली. खोबऱ्याचे तुकडे केले, भाकरीच्या गाठोड्यातल्या गुळाचा खडा प्रत्येकावर ठेवला आणि सगळ्यांना वाटले. नवऱ्यालाही नेऊन दिला. वैजनाथचे हात तेलाचे होते. त्याने मान पुढे केली, राहीबाईने तुकडा तोंडात घातला. दोन वर्षांत तिने त्याला विमानापाशी येऊन काही दिलं नव्हतं. तो खोबरं चावत राहिला. त्याला बरं वाटलं.

मग त्याने झडपा तपासल्या. चाकं तपासली. बॅटरी तपासली. तोल तपासला नाही. तोल सकाळीच झाला होता.

तिसऱ्या फेरीला विमान निम्म्या धावेतच उठलं. उठलं आणि नाक वर करून असं चढत गेलं, जसं काही कोणी वरून हाक मारली आहे. वैजनाथने काठी पुढे ढकलली. नाक खाली आलं ते सरळ जमिनीकडे. मागे ओढली, नाक पुन्हा वर. झोपाळ्यासारखं वर-खाली. त्याने खाली धरायच्या टिचक्या द्यायला सुरुवात केली. देता देता रेडिओ टीं करून वाजला. टिचक्या संपल्या होत्या.

शेपूट जड. हे त्याच्या बोटांना कळलं, पण कसं हे डोक्याला कळेना. सकाळी विमान दोन बोटांवर सरळ राहिलं होतं. त्यानंतर त्यातून काहीच काढलं नव्हतं. तो विचार करत होता, आणि विचार करताना जीभ दातांमध्ये अडकलेला एक तुकडा काढत होती. तुकडा निघाला. खोबरं.

त्याने आभाळातली नजर काढली नाही.

"आगं," तो म्हणाला, "नारळ कुठनं आनला?"

राहीबाईने पदराला हात पुसले. चाळीस माणसं खोबरं चावायची थांबली. वर इंजिन तेवढं ओरडत होतं.

"तुमच्याच इमानातला," ती म्हणाली.

"सगळा?"

"शेंडी हाय देवापाशी."

सहादेवभाऊंनी हळूच मूठ उघडली. त्यांनी आपला तुकडा नातवंडांसाठी राखून ठेवला होता. "ह्यो एक हाय आजून, मिस्तरी."

"खाऊन टाका," वैजनाथ म्हणाला.

आता ते उतरवायचं होतं. असं विमान हळू आणलं तर पडतं, म्हणून ते जोरातच आणावं लागणार होतं. त्याने सगळ्यांना झोपायला सांगितलं. सकाळपासून मिस्तरी जे करील ते करायचं असं गावाने ठरवलेलं होतं, त्यामुळे माणसं ओळीने पालथी पडली, हात पुढे जोडून. चांगुणाकाकू बसूनच राहिल्या. या वयात झोपले तर उठवणार कोण, म्हणाल्या.

विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं. चाकं जमिनीला लागणार, एवढ्यात त्याने पुन्हा नाक वर केलं, सगळा वेग घालवला, आणि तलावाच्या कडेला कोणाची तरी कडब्याची गंज होती, तिच्या माथ्यावर हळूच बसलं. खुडूक कोंबडी बसते तसं.

इंजिन बंद झालं. गंजीवरून दोन चिमण्या उडाल्या.

शिडी आणून बघितलं. एक ओरखडा नव्हता. मग वाद सुरू झाला. विमान खाली आलं की नाही? काहींचं म्हणणं, गंज म्हणजे जमीन नव्हे. सहादेवभाऊ म्हणाले, ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला काय आणि कारखान्याच्या दारात उभा राहिला काय, खेप ती खेपच. कोणी म्हणालं, मिस्तरीलाच विचारा. वैजनाथ गंजीला टेकून बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर परस होतं, आणि पंखाखाली बसलेल्या कोंबड्या. त्याने राहीबाईकडे बोट केलं.

ती गंजीवरच्या विमानाकडे बघत होती. पहिल्यांदाच समोरून.

"हे उतरलेलं न्हाई," ती म्हणाली. वैजनाथने मान खाली घातली. "आन् पडलेलं बी न्हाई. नारळ म्या काढला. ही फेरी धरायची न्हाई. परत उडवा."

परत उडवायला वजन हवं होतं, आणि तांब्याची गुंडाळी दोन कोसांवर घरच्या ओट्यावर होती. गावाने खिसे रिकामे केले. किल्ल्यांचा जुडगा, सायकलचं कुलूप, टेम्पोचा पाना. एकेक वस्तू नाकात घालायची, दोघांनी बोटांवर उचलायचं. काही हलकं, काही जागेत बसेना, काही खडखड वाजे, नाहीतर तारांना लागे. तासभर गेला. उन्हं डोक्यावर आली, आणि शेपूट काही उठेना.

तेवढ्यात ठक ठक आवाज आला. चांगुणाकाकू विडा कुटत होत्या.

राहीबाईने आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग ती चालत गेली, काकूंच्या पुढ्यात उभी राहिली आणि हात पुढे केला. दोन वर्षांत पहिला शब्द काय असावा, हे तिनेही ठरवलं नसणार.

"द्या," ती म्हणाली.

काकूंनी तिला खालून वर निरखलं. "खल का बत्ता?"

"दोनी."

दोन्ही घातले तर नाक कलंडलं. बत्ता काढला. विमान बोटांवर सरळ राहिलं, तागडीसारखं. खल ट्यूबच्या पट्टीने बांधला. बत्ता काकूंना परत दिला. काकू एका हातात बत्ता आणि दुसऱ्या हातात अर्धा कुटलेला विडा घेऊन बसल्या. खलाशिवाय बत्त्याचं काय करतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

वैजनाथने टिचक्या परत जागेवर आणल्या. अकरा उजवीकडे, दोन खाली. विमान धावलं, शहाण्यासारखं उठलं, तलावावरून फिरलं. त्याने काठ्या सोडल्या. ते सरळ गेलं. या वेळी त्याने हात जोडले नाहीत, खिशात घातले. मागे चाळीस जणांनी आपापले हात खिशात घातले. सहादेवभाऊंच्या सदऱ्याला खिसे नव्हते, त्यांनी काखेत घातले.

उतरलं तेव्हा चाकांखाली जमीन होती. राहीबाईने जवळ जाऊन पंखाचं मुडपलेलं टोक चाचपलं.

"आढ्याला दोर जाडा लावा," ती म्हणाली. "खाली पोर निजंल."

सुकन्या मंगळवारी आली. खोली मोकळी होती, खिडकीला नवे गज होते. बोळात वैजनाथने काकूंसाठी तार ताणून दिली होती. पंख सरळ करावा का, असा विचार त्याने एकदा केला आणि सोडून दिला. सरळ केला तर अकरा टिचक्या चुकतील.

खलही तसाच ठेवला. काढला की तोल गेला. आता रोज सकाळी चांगुणाकाकू ओसरीत येतात. राहीबाई त्यांना स्टूल देते, स्वतः स्टूल धरून उभी राहते. काकू वर चढतात, विमानाच्या नाकाचं झाकण उघडतात, विडा आत टाकतात आणि कमरेचा बत्ता काढून कुटतात. आढ्याला टांगलेलं अकरा फुटांचं पिवळं विमान ठोक्यागणिक हलतं. सुकन्याचा मुलगा आता दीड महिन्याचा आहे. तो खाली पाळण्यात असतो. ठक ठक सुरू झालं की झोपतो, थांबलं की रडतो. म्हणून काकू हल्ली दोन विडे कुटतात.